प्रकल्प नोंदी: फ्रोझन भेंडी आणि तिच्यातलं पाणी

शनिवार, ४ जानेवारी २०२५

उद्दिष्ट: इंडियन स्टोअरच्या फ्रीझरमध्ये मिळणाऱ्या भाज्या कढई न चढवता कुरकुरीत करणे.

कारणं दोन. आई पुण्याहून आली आहे, जूनपर्यंत इथे आहे, आणि तिच्या डॉक्टरांनी तळण बंद केलंय. पण पहिल्याच आठवड्यात "कुरकुरी भेंडी कर की रे एकदा" अशी मागणी आली. दुसरं कारण न्यू जर्सीतला जानेवारी. खिडक्या बंद, हीटर चालू. अशात तेल तापवलं की वास दारामागच्या कोटांत चार दिवस मुक्कामाला राहतो आणि सोमवारी ऑफिसच्या लिफ्टमध्ये माझ्या आधी तो पोचतो.

साहित्य: ड्रॉवरवाला एअर फ्रायर, १५०० वॅट, पाचेक लिटरचा. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. फ्रोझन चिरलेली भेंडी, ३४० ग्रॅमची पाकिटं. ताजी भेंडी मिळत नाही असं नाही, पण या दिवसांत स्टोअरात टोक मोडून पाहायला जावं तर ते मोडत नाही, वाकतं. जून भेंडीपेक्षा कोवळी असताना गोठवलेली बरी.

यंत्राची रचना साधी आहे: वर कॉइल, तिच्यावर पंखा, खाली भोकांची टोपली. आकाराने लहान आणि वारा जोरात, एवढाच ओव्हनपेक्षा फरक. फिलिप्सने २०१० मध्ये तो बाजारात आणला, तेव्हापासून सगळे त्याच्याकडे कढईचा पर्याय म्हणून बघतात. माझी नोकरी औषधाच्या गोळ्यांसाठी लागणारे ओले दाणे गरम हवेत वाळवण्याची. त्यामुळे या प्रकल्पापुरता तरी मी त्याला वाळवणयंत्र समजणार. तळणं नंतर बघू.

रविवार, ५ जानेवारी

पहिली चाचणी, पुढे तुलना करता यावी म्हणून. ओळखीतले सगळे करतात तशीच: अख्खं पाकीट टोपलीत, वर दोन चमचे शेंगदाणा तेल, मीठ, तिखट, ४०० अंश फॅरनहाइट (म्हणजे २०४ सेल्सिअस), १५ मिनिटं, मधे एकदा हलवणे.

आत गेली ३४० ग्रॅम, बाहेर आली २१५. टोपलीखाली हिरवट पाणी आणि त्यावर तरंगणारं तेल. म्हणजे घातलेल्यातलं बरंचसं तेल भेंडीला लागलंच नाही. बर्फावर तेल टाकलं, बर्फ वितळला, पाण्याबरोबर तेलही खाली उतरलं. वरच्या थरातले थोडे काप बरे होते, खालचे तारेसकट चिकट. आईने एक काप उचलला, तार किती लांबते ते पाहिलं आणि म्हणाली, "ही तळलेली नाही रे, उकडलेली आहे."

निदान अचूक. दोन-तीन थर एकावर एक, त्यात सुरुवातीलाच मीठ, त्यामुळे आणखी पाणी सुटलं, आणि खालच्या कापांची वाफ वरच्यांच्या अंगावर. कापाचा पृष्ठभाग जोवर ओला आहे तोवर त्याचं तापमान शंभर सेल्सिअसच्या वर चढत नाही, यंत्राच्या पाटीवर दोनशे दिसो नाहीतर अडीचशे. खमंग वास आणि तांबूस रंग यायला साधारण १४० च्या पुढे जावं लागतं. आधी पाणी गेलं पाहिजे, मग रंग.

रात्री सगळे झोपल्यावर हिशोब केला. भेंडीत सुमारे ९० टक्के पाणी, म्हणजे एका पाकिटात ३०६ ग्रॅम. कुरकुरीत व्हायला त्यातलं २८० ग्रॅमच्या आसपास जायला हवं. उणे १८ वरून शून्यावर आणायला १२ किलोज्यूल. बर्फ वितळवायला १०२. शून्यापासून शंभरपर्यंत तापवायला १२८. आणि २८० ग्रॅम पाण्याची वाफ करायला ६३२. एकूण ८७४.

हा आकडा पाहून जरा थांबलो. फ्रोझन भाजी म्हटलं की सगळे बर्फाला दोष देतात, पण बर्फाचा वाटा जेमतेम आठवा हिस्सा. जवळजवळ पाऊण काम वाफ करण्याचं आहे आणि ते ताज्या भेंडीलाही चुकत नाही. १५०० वॅटचं यंत्र मिनिटाला ९० किलोज्यूल देतं. सगळीच्या सगळी उष्णता भेंडीत गेली तरी दहा मिनिटांच्या आत हे होणं शक्य नाही. प्रत्यक्षात ती कॉइलपासून हवेत, हवेतून भेंडीत जाते, बरीचशी मागच्या झरोक्यातून बाहेर पडते आणि थर्मोस्टॅट मधूनमधून कॉइल बंदही करतो. म्हणून वेळ दुप्पट धरायचा. '१० मिनिटांत क्रिस्पी ओक्रा' असल्या कृतींवर यापुढे वेळ घालवणार नाही.

गुरुवार, ९ जानेवारी

ऑफिसनंतर. बदल असे: अर्धं पाकीट (१७० ग्रॅम). आधी चाळणीत घेऊन चार झटके, म्हणजे सुटा बर्फ सिंकमध्ये पडतो. रिकामं यंत्र पाच मिनिटं तापवून घेतलं. एकच थर, मधे टोपलीची भोकं दिसतील इतका विरळ. तेल नाही, मीठ नाही.

४०० वर १० मिनिटं, दर तीन-चार मिनिटांनी ड्रॉवर बाहेर ओढून हलवणे. ड्रॉवर उघडला की वाफेचा ढग चष्म्यावर येतो. उष्णता वाया जाते हे खरं, पण कोंडलेली दमट हवा बाहेर पडते हा फायदा मोठा. दहा मिनिटांनी काप आक्रसलेले, कडा कोरड्या, तार नाही. आता एक चमचा तेल घालून हातानेच चोळलं. कोरड्या पृष्ठभागाला तेल लगेच धरतं, खाली ट्रेमध्ये थेंबही नाही. मग तापमान उतरवून ३५० (१७७ सेल्सिअस) आणि आणखी ८ मिनिटं.

वजन ३६ ग्रॅम. मीठ भेंडी बाहेर काढल्यावरच घातलं. दाताखाली आवाज आला.

शेवटी तापमान वाढवा असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मी उलट केलं, कारण वाळवण्यात दोन टप्पे असतात. पहिल्यात पृष्ठभाग ओला असतो आणि हवा जितकी गरम आणि जोरात तितकं पाणी पटकन जातं. काप करपत नाही, पाणीच त्याला थंड ठेवतं. दुसऱ्यात पृष्ठभाग कोरडा झालेला असतो आणि पाण्याला आतून बाहेर यायला त्याचा स्वतःचा वेळ लागतो. तिथे आच वाढवली तर कडा काळ्या पडतात आणि बी ओलंच राहतं. दाण्यांच्या बाबतीत हे रोज बघतो. भेंडीचे काप पातळ असल्याने दुसरा टप्पा अंदाजापेक्षा लवकर आला.

आईने वाटीत पाहिलं. "एवढीशीच?" अर्ध्या पाकिटाची जेमतेम एक छोटी वाटी झाली होती. ९० टक्के पाणी काढल्यावर उरणार तेवढंच, पण हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता. वाटी संपलेली होती.

शनिवार, ११ जानेवारी

बायकोचा प्रश्न: आधी फ्रिजमध्ये ठेवून बर्फ उतरवून घेतला तर लवकर नाही का होणार? रास्त प्रश्न, म्हणून दोन घाण्यांत करून पाहिलं. एक अर्धं पाकीट थेट फ्रीझरमधून, दुसरं रात्रभर चाळणीत निथळून.

निथळलेल्याची वाटीभर बुळबुळीत गुठळी झाली. काप एकमेकांना चिकटले, टोपलीत पसरताच येईनात. चिरलेल्या भेंडीचं तोंड उघडं असतं आणि बुळबुळीत द्रव्य पाण्याबरोबर बाहेर येतं. थेट तापल्या टोपलीत टाकली तर ते पसरायच्या आत जागच्या जागी सुकतं. वेळेची बचत दोन मिनिटांचीही नाही, जी हिशोबात आधीच दिसत होती. भेंडीपुरता नियम: फ्रीझर ते टोपली, मधे मुक्काम नाही.

याच कारणाने स्टोअरातून आणतानाही पाकीट दाबून पाहायला लागलो आहे. कारखान्यात प्रत्येक तुकडा सुटा गोठवलेला असतो. उणे १ ते उणे ५ सेल्सिअस हा पट्टा झपाट्याने ओलांडला तर बर्फाचे कण बारीक राहतात आणि पेशींच्या भिंती फारशा फुटत नाहीत. पाकिटात गोळा लागला तर समजायचं की ही भाजी वाटेत कुठेतरी एकदा वितळून घरच्या फ्रीझरच्या संथ गतीने पुन्हा गोठलेली आहे. ती रस्सा भाजीत टाकावी, इथे नको.

सोमवार, १३ जानेवारी. भोगी

भोगीच्या भाजीला हे यंत्र लावायचं नाही, असं आईने सकाळीच जाहीर केलं. बरोबरच आहे, तिळाच्या कुटाची रसदार भाजी ती. फक्त फ्रोझन हिरव्या हरभऱ्याचं पाकीट उघडलेलं होतं त्यातले मूठभर सोलाणे बाजूला काढून ३७५ वर (१९० सेल्सिअस) घातले. आधी टणाटण उडाले, काही फुटले, पण वीसेक मिनिटांनी मीठ-लिंबू लावल्यावर बाजरीच्या भाकरीआधीच संपले. मटारापेक्षा हरभरा याला फार चांगला. मटाराचं साल फुगतं, आत वाफ कोंडते, आणि निवल्यावर सुरकुतलेली गोळी हातात राहते.

मुलीला फ्रोझन मटार पाकिटातून तसेच तोंडात टाकायची सवय आहे, ती आजपासून बंद. गोठवण्याआधी भाज्या गरम पाण्यातून किंवा वाफेतून काढतात, पण ते आतली एन्झाइम निकामी व्हावीत आणि रंग-चव टिकावी म्हणून. तयार खाण्यासाठी नव्हे. २०१५ पासून युरोपातल्या पाच देशांत पसरलेली लिस्टेरिया या जंतूची साथ २०१८ मध्ये फ्रोझन मक्यापाशी जाऊन पोचली होती: ४७ रुग्ण, ९ मृत्यू. मुलीला एवढं सगळं नाही सांगितलं. "गरम केलेले जास्त गोड लागतात" एवढं पुरलं.

शनिवार, १८ जानेवारी

मसाल्याचा दिवस. भेंडीवर आमचूर, धणेपूड, तिखट आणि हळद कोरडीच भुरभुरवून शेवटच्या आठ मिनिटांसाठी आत.

पंख्याने तिखट उडवलं, कॉइलवर टाकलं आणि मागच्या झरोक्यातून घरभर फुंकलं. आधी मला ठसका, मग आईला, मग वरच्या मजल्यावरून मुलीला. स्मोक अलार्म वाजायला लागल्यावर बायको टॉवेल घेऊन त्याच्याखाली हलवत उभी. बाहेर उणे सहा सेल्सिअस, तरी दार उघडावं लागलं.

निष्कर्ष: कोरडी पूड या वाऱ्यात टिकत नाही. मसाला दुसऱ्या टप्प्यातल्या चमचाभर तेलात कालवून भेंडीला चोळला तर राहतो, पण तिखट तरीही करपट लागतं. तिखट सगळ्यात शेवटी, बाहेर.

रविवार, १९ जानेवारी

आईची दुरुस्ती. "अरे, फोडणी वेगळी कर ना. मोहरी काय त्या भोकांच्या टोपलीत फुटणार आहे?"

लहान कढल्यात दोन चमचे तेल, मोहरी, जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता, गॅस बंद करून तिखट. कुरकुरीत भेंडी परातीत पसरून त्यावर फोडणी, वर मीठ. मला शंका होती की भेंडी मऊ पडेल. पडली नाही. पडायचं कारणही नव्हतं: भाजी मऊ पडते ती पाण्याने, तेलाने नाही, आणि कढीपत्ता तडतडून शांत झाला की फोडणीत पाणी उरत नाही. लिंबू, कांदा, टोमॅटो मात्र पानात वाढताना, त्याआधी नाही.

आतापर्यंतची सगळ्यात चांगली भेंडी. तेल दोन पाकिटांना मिळून चार चमचे, म्हणजे १८ ग्रॅमच्या आसपास. आईचं मत: "पहिल्यांदा चव लागली." यंत्राबद्दल तिने एवढं चांगलं याआधी काही म्हटलेलं नाही आणि हेही फोडणीबद्दलच होतं.

शनिवार, २५ जानेवारी

फ्रोझन कारली, गोल चकत्या. कारल्यात पाणी भेंडीहूनही जास्त, सुमारे ९४ टक्के. पहिल्या घाण्यात भेंडीचाच नियम लावला: थेट फ्रीझरमधून. झाल्या कुरकुरीत, पण अर्धा तास लागला आणि कडू इतक्या की मीच दुसरी चकती घेतली नाही. पाणी गेलं, कडवटपणा सगळा तिथेच आटून बसला.

दुसऱ्या घाण्यात उलट. चकत्या पूर्ण वितळू दिल्या, मीठ लावून दहा मिनिटं ठेवल्या आणि मुठीत घट्ट पिळल्या. ३०० ग्रॅममधून पिळून निघालेलं हिरवं पाणी १३० ग्रॅम भरलं. गोठवताना बर्फाने पेशी फोडलेल्याच असतात, त्यामुळे ताज्या कारल्यापेक्षा हे कितीतरी जास्त निघतं. कडवटपणाही बराचसा सिंकमध्ये गेला. आणि या १३० ग्रॅमची वाफ करायला जवळजवळ ३०० किलोज्यूल लागले असते, ते मुठीने फुकटात वाचवले.

मग एक चमचा तेल, ३७५ वर १४ मिनिटं, शेवटची चार ३२५ वर (१६३ सेल्सिअस). तीळ, साखर चिमूटभर, तिखट, बाहेर. भेंडीपेक्षा सरस. मी तरी असंच म्हणेन, घरात यावर दोन तट आहेत.

तेव्हा ११ तारखेचा नियम फक्त भेंडीचा. जी भाजी पिळता येते ती आधी वितळवावी आणि पिळावी. भेंडी पिळता येत नाही म्हणून तिची सगळी वाफच करावी लागते.

बुधवार, २९ जानेवारी

संध्याकाळी एअर फ्रायर चालू असताना बायकोने मायक्रोवेव्ह लावला आणि अर्धं स्वयंपाकघर काळोखात. इथे ११०-१२० व्होल्ट. १५०० वॅटला १२.५ अँपिअर एकट्या एअर फ्रायरचे होतात. एकाच २० अँपिअरच्या ब्रेकरवर दुसरं तापणारं यंत्र बसत नाही. पुण्यात २३० व्होल्टवर हेच साडेसहा अँपिअर, तिथे मोठा १६ अँपिअरचा प्लग पॉइंट मिळाला की प्रश्न मिटतो. एअर फ्रायर आता खिडकीजवळच्या दुसऱ्या सर्किटवर.

शनिवार, १ फेब्रुवारी

बायकोचं हळदीकुंकू. रथसप्तमी मंगळवारी आहे, इथे सगळं शनिवारी करावं लागतं. पंधराएक बायका, तिळगूळ, वाण, आणि खायला तिने ठरवलेली कुरकुरी भेंडी. एका घाण्यात एक वाटी निघते आणि ती दहा मिनिटांत मऊ पडते. त्यामुळे आठवडाभर डोक्यात हाच हिशोब.

मऊ का पडते? कापाची कड कोरडी, पण बियांशी अजून ओल असते. निवताना ती ओल बाहेरच्या कडेला येऊन बसते. वर ढीग केला किंवा डब्याचं झाकण लावलं तर आतली वाफही परत तिथेच. म्हणून काम दोन भागांत तोडलं. सकाळपासून एकेक घाणा पहिल्या टप्प्यापर्यंत आणि वर पाच मिनिटं, मग केकच्या जाळीवर पसरून उघडा. बायका यायला लागल्या की तेल चोळून ३५० वर चार-चार मिनिटं, यावेळी टोपलीत दुप्पट माल, कारण त्यातलं पाणी आधीच गेलेलं. फोडणी आईच्या हाताखाली. ताट स्वयंपाकघरातून बैठकीत पोचेपर्यंत पुढचा घाणा तयार.

जमलं. इथली हिवाळ्यातली तापवलेली कोरडी हवाही कामाला आली, दुपारभर जाळीवर राहूनही काप फारसे ओलावले नाहीत. आई म्हणाली, "हे आपल्याकडे श्रावणात करून दाखव. पापडसुद्धा पाच मिनिटांत सादळतो." खरं आहे. पुण्याच्या पावसाळ्यासाठी ही वेळापत्रकं चालणार नाहीत, तिथे यंत्रातून थेट पानात.

यजमानांना बैठकीत प्रवेश नव्हता. कृती विचारायला मात्र तिघी-चौघी स्वयंपाकघरात येऊन गेल्या. वजनकाटा पाहून एकीने विचारलं, "हे सगळं मोजता तुम्ही?" बायकोने मागून उत्तर दिलं, "वही पण आहे."

शनिवार, ८ फेब्रुवारी

नापास झालेल्यांची नोंद, म्हणजे पुन्हा पाकिटं आणली जाणार नाहीत.

तोंडली: चपलेच्या अंगठ्यासारखी. बाहेरून चिवट, आत पोकळ. रस्सा किंवा मसालेभातात जाऊ देत. गवार: कुरकुरीत होते, पण शिरांच्या काड्या उरतात. सुरती पापडी: दाणे कडक, साल कागद. पालकाच्या विटा: विचारही करू नये. मिक्स भाजीचं पाकीट (गाजर, मटार, मका, फरसबी): प्रत्येकाचा आकार वेगळा, म्हणून मटार गोळी होतो तेव्हा गाजर अजून ओलं असतं, आणि मक्याचा दाणा उडून कॉइलला चिकटला की पुढचे चार दिवस त्याचाच वास. फ्लॉवर आणि ब्रोकोली पास, पण मोठे तुरे असल्याने त्यांना शेवटपर्यंत ४०० च लागतं, कारण त्यांच्या टोकांनाच रंग यायला हवा असतो आणि दांडा थोडा ओला राहिलेला चालतो.

फ्रेंच फ्राइज या वहीत येत नाहीत. त्या कारखान्यातूनच एकदा तळून येतात, तेल आधीच अंगात असतं, म्हणून कुणाच्याही हातून जमतात. मुलगी याला पक्षपात म्हणते.

जाळीवर बेकिंगचा कागद घालून टोपली धुण्याचा त्रास वाचवण्याची सूचनाही नापास. भोकं झाकली की खालून वारा बंद आणि आपण ५ जानेवारीला परत.

शनिवार, १५ फेब्रुवारी

बेसन. हॉटेलातल्या कुरकुऱ्या भेंडीला ते असतं म्हणून मुलीचा आग्रह. गोठलेल्या कापांवर आधीच बेसन लावलं तर बर्फ वितळून लगदा होतो. आधी ८ मिनिटं ४०० वर कोरडं करून घेतलं, मग एक चमचा तेल, मग दीड चमचा बेसन आणि दीड चमचा तांदळाचं पीठ चाळणीने. जिथे तेल पोचलं तिथे सोनेरी. जिथे नाही तिथे पांढरं, कच्च्या पिठाच्या वासाचं. कढईत हा प्रश्न येत नाही, तेल सगळीकडे पोचतं. इथे पीठ आणि तेल आधी बोटांनी एकत्र चोळून, ओलसर वाळूसारखं करून लावलं तेव्हा निम्मं सुधारलं. तांदळाच्या पिठाने कडकपणा येतो, नुसतं बेसन मऊ राहतं. तरी माझं मत: नको. भेंडीची भेंडीच कुरकुरीत होत असेल तर वर पिठाचा कोट कशाला.

आई आता यंत्र स्वतः चालवते. फॅरनहाइटच्या नादी लागत नाही, ड्रॉवरवर मी लावलेल्या चिकटपट्टीवरचे दोन आकडे बघते आणि टायमर तर बघतच नाही. टोपली हलवून कान देते. ओली भेंडी थबथब पडते, कोरडी झाली की खुळखुळते, आणि ती खुळखुळ बारीक व्हायला लागली की काढायची. दोनदा तिच्या घाण्याचं वजन गुपचूप करून पाहिलं. माझ्या आकड्यापासून दोन-तीन ग्रॅम इकडेतिकडे.

शनिवार, २२ फेब्रुवारी

बुधवारी महाशिवरात्र. उपासाला काय कुरकुरीत, यावर संशोधन. भेंडी चालणार नाही. रताळी आहेतच. पण शेजारच्या लॅटिन दुकानाच्या फ्रीझरमध्ये युका दिसला, सोललेले जाड पांढरे तुकडे. युका म्हणजे कसावा. साबुदाणा याच कंदाच्या पिठाचा करतात, तमिळनाडूत सेलमच्या बाजूला त्याचे कारखाने आहेत. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आलेला.

आईपुढे प्रश्न ठेवला. तिने क्षणभर विचार केला. "साबुदाणा चालतो तर त्याचा कंद का नाही चालणार? बटाटा तरी कुठे आपला होता."

युका थेट टोपलीत घालायचा नाही. कच्च्या कसाव्यात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, म्हणून आधी भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकून द्यायचं. गोठलेले तुकडे उकळत्या पाण्यात टाकले, पंचवीसेक मिनिटांनी कडा भेगाळल्या आणि सुरी सहज आत गेली. मधला दोरा काढून बोटाएवढे तुकडे केले आणि चाळणीत वाफ पूर्ण जाईपर्यंत उघडे ठेवले. त्या भेगांमुळेच पुढचं जमतं: पृष्ठभाग खरबरीत होतो, त्यावर पिठूळ थर सुटतो आणि तोच वाळून कडक कवच बनतो. शिवाय कसाव्यात पाणी मुळात साठ टक्क्यांच्या आसपास, भेंडीच्या मानाने निम्मं कामच नाही.

शेंगदाणा तेल दोन चमचे, ४०० वर १६ मिनिटं, एकदा उलटवून. बाहेर काचेसारखा थर म्हणावा इतका टणक, आत मऊ पिठूळ. बटाट्याच्या कुठल्याही फ्राइजपेक्षा चांगले. या वेळी तक्रार मुलीकडूनही नाही.

बुधवार, २६ फेब्रुवारी. महाशिवरात्र

युकाची दोन पाकिटं. उकडणं काल रात्रीच करून फ्रिजमध्ये ठेवलं होतं. रात्रभर उघडं राहिल्याने पृष्ठभाग आणखी कोरडा झाला आणि १६ ऐवजी १३ मिनिटं पुरली. वरून मीठ, भरडलेलं जिरं आणि तुपात परतलेली हिरवी मिरची. बाजूला दाण्याचं कूट घातलेलं दही. कोथिंबीर आमच्या घरी उपासाला चालते, बायकोच्या माहेरी चालत नाही, म्हणून दोन ताटल्या.

आईने सकाळच्या फोनवर पुण्यातल्या मावशीला कृती सांगितली: "साबुदाण्याच्या झाडाचं मूळ असतं ना, ते." मावशीने विचारलं, तिथे मिळेल का. आई म्हणाली, पुण्यात विचारून बघ, नाहीतर सुरणावर करून पाहा. सुरणाची खाज जायला आमसूल घालून उकडावा लागेल, ते तिने पुढच्या वाक्यात सांगितलंच.

शनिवारची यादी: युका तीन पाकिटं, कारली दोन, भेंडी चार (दाबून पाहून). तोंडली नाही.